कीटकांच्या कातीतून कायटोसॅन: पहिला शंभर ग्रॅमचा घाणा

कायटोसॅन बनतं कायटिनपासून, म्हणजे कीटकांच्या कवचातल्या लांब साखळ्यांच्या तंतुमय पदार्थापासून. हे कायटिन ‘काढायचं’ असं आपण म्हणतो, पण खरं तर काढून टाकायचं असतं ते बाकीचं सगळं. कीटकाच्या कवचात कायटिनचे बारीक तंतू प्रथिनांत रुतलेले असतात. जोडीला थोडी चरबी, काही जातींत चुना (कॅल्शियम कार्बोनेट) आणि कवचाला काळा-तपकिरी रंग देणारी द्रव्यं. आम्लात चुना जातो, गरम अल्कलीत (इथे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात) प्रथिनं जातात आणि या दोन्हींना दाद न देता जो चोथा मागे उरतो तो कायटिन.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढची प्रत्येक पायरी त्यांच्याभोवतीच फिरते. एक, जे जे विरघळलं नाही ते ते तराजूवर कायटिन म्हणूनच मोजलं जातं, मग ते प्रथिन असो, भुसा असो की वाळू. दोन, जरा जास्त जोर लावला की कायटिनच्या साखळ्याच तुटायला लागतात. वजनात ते फारसं दिसत नाही, पण पुढे कायटोसॅनचं द्रावण पाण्यासारखं पातळ निघतं आणि त्याची धड फिल्मही बनत नाही.

खालची मापं १०० ग्रॅम कोरड्या मालाची आहेत. नवशिक्याने यापेक्षा मोठा घाणा घेऊ नये. काही बिघडलं तर शोधायला सोपं जातं, आणि धुण्याचं पाणी आवाक्यात राहतं.

माल कोणता घ्यावा

अख्ख्या अळ्यांपासून सुरुवात करू नका. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या किंवा मीलवर्म या भुंगेऱ्याच्या कोरड्या अळीत चरबी वजनाच्या चौथ्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत असू शकते, प्रथिन त्याहून जास्त, आणि कायटिन साधारण ५ ते १० टक्के. म्हणजे नव्वद टक्के माल फेकण्यासाठी रसायनं खर्च करायची. त्याऐवजी टाकलेली कात घ्या, किंवा माशी उडून गेल्यावर मागे राहिलेले रिकामे कोष. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या रिकाम्या कोषात कायटिन साधारण २० ते २५ टक्क्यांच्या घरात असतं आणि चरबी नावापुरती. कीटकपालनात हा माल तसाही कचराच असतो. मेलेल्या माश्याही चालतात, फक्त त्यांच्यात प्रथिन जास्त असल्याने अल्कलीची एक फेरी वाढते.

दोन मालांचे स्वभाव वेगळे आहेत. ब्लॅक सोल्जर फ्लाय आपल्या कवचात कॅल्शियम कार्बोनेट साठवते, त्यामुळे तिच्या बाबतीत आम्लाची पायरी टाळता येत नाही. मीलवर्मच्या कातीत खनिजं फार कमी असतात. तिथे आम्लाचं काम पटकन उरकतं, पण दुसरीच अडचण उभी राहते: कोंडा. मीलवर्म कोंड्यावर वाढतात आणि कातीसोबत कोंड्याचे कण येतात. कोंड्यातलं सेल्युलोज सौम्य आम्लात विरघळत नाही आणि अल्कलीतही नाही. ते थेट शेवटपर्यंत तुमच्यासोबत येतं आणि उतारा (हाती आलेलं वजन) छान दिसतो. पहिल्याच प्रयत्नात अपेक्षेपेक्षा जास्त कायटिन मिळालं तर आनंद करण्याआधी भिंगाखाली बघा. कातीचे तुकडे पातळ, अर्धपारदर्शक पापुद्र्यासारखे दिसतात, कोंडा जाडसर आणि धाग्याधाग्यांचा.

म्हणून साफसफाई इथेच, कोरडी असतानाच. आधी चाळणीने विष्ठेचा चुरा आणि बारीक कण पाडून टाका. मग पंख्याच्या हलक्या वाऱ्यात पाखडा, कात हलकी असल्याने पुढे जाऊन पडते. कोषांसाठी पाण्याची युक्ती उत्तम: बादलीभर पाण्यात टाकले की रिकामे कोष तरंगतात, वाळू आणि न उमललेले जड कोष तळाशी बसतात. वरचे काढून कोमट पाण्याने दोन-तीनदा धुवा आणि ६० अंश सेल्सिअसला रात्रभर वाळवा. ओला माल पिशवीत ठेवला तर एका दिवसात बुरशी धरतो. बुरशीच्या पेशीभित्तीतही कायटिन असतं, त्यामुळे मोजमापाचा पार गोंधळ होतो.

भांडी आणि कापड

अर्धे अपघात चुकीच्या भांड्यामुळे होतात. ॲल्युमिनियमचं भांडं या कामात कुठेही नको. कॉस्टिक सोडा त्याला खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो, जो पेट घेतो. आम्लासाठी काच किंवा पॉलिप्रोपिलीन वापरा. स्टेनलेस स्टीलला हायड्रोक्लोरिक आम्ल टोचतं आणि त्यातलं लोह मालात उतरतं. गरम अल्कलीसाठी उलट, स्टेनलेस स्टील चांगलं. तीव्र गरम अल्कली काचही हळूहळू झिजवते.

गाळायच्या कापडाचंही तसंच. नायलॉन आम्लात कुजतं, पॉलिएस्टर गरम अल्कलीत विरतं, सुती कापड तीव्र अल्कलीत फुगून आकसतं आणि त्याचे धागे मालात मिसळतात. धागे म्हणजे पुन्हा सेल्युलोज. पॉलिप्रोपिलीनचं गाळणकापड दोन्हीकडे टिकतं. अल्कलीच्या पायऱ्यांना ०.१ मिलिमीटर छिद्रांची स्टीलची जाळी सर्वांत सोयीची.

बाकी सामान: ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू, तापमापी, सामू (pH) मोजायच्या पट्ट्या (मीटर असेल तर उत्तम), ढवळणी, पाण्याचं तापस्नान, रबरी हातमोजे, बाजूंनी बंद असलेला चष्मा आणि ॲप्रन. चष्म्याच्या बाबतीत चालढकल नको. अल्कलीचा थेंब डोळ्यात गेला तर आम्लापेक्षा खोल इजा करतो, कारण तो ऊतींमध्ये शिरत जातो. तसं झालंच तर वाहत्या पाण्याखाली निदान २० मिनिटं डोळा धुवायचा आणि लगेच डॉक्टर गाठायचा.

दळणं आणि चरबी

वाळलेली कात मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा आणि १ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. त्याहून बारीक पीठ करायचा मोह होतो, कारण बारीक कणात रसायन लवकर शिरतं. पण ०.२ मिलिमीटरखालचे कण प्रत्येक गाळणीत थोडे थोडे निसटतात आणि आठ-दहा धुण्यांत उताऱ्याला चांगलाच खड्डा पडतो. शिवाय बारीक पिठाचा लगदा गाळणी तुंबवतो. ०.५ ते १ मिलिमीटर पुरे. दळताना मास्क लावा. कीटकांची धूळ ॲलर्जी आणते, आणि कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्यांना तिचा त्रास होण्याची शक्यता जास्त, कारण दोन्हीकडची काही प्रथिनं जवळजवळ सारखी असतात.

कात किंवा रिकामे कोष असतील तर चरबी काढायची वेगळी पायरी बहुतेक लागत नाही. मेलेल्या माश्या किंवा अळ्या असतील तर लागतेच. चरबी तशीच राहिली तर पुढे अल्कलीत तिचा साबण होतो, भांड्यात फेसाचा डोंगर उभा राहतो आणि गाळणीवर बुळबुळीत थर बसतो. ९५ टक्के इथेनॉल वजनाच्या पाचपट घ्या, झाकून १२ तास भिजवा, गाळा आणि एकदा पुन्हा तसंच करा. हेक्झेन चरबी जास्त चांगली काढतं, पण घरगुती जागेत त्याची वाफ धोक्याची आहे. इथेनॉलही ज्वालाग्राही आहेच. त्या खोलीत ज्योत, शेगडी काही नको, आणि माल पूर्ण वाळून वास जाईपर्यंत पुढची पायरी नको.

आम्लाची पायरी: चुना काढणं

१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल लागेल. ३७ टक्के तीव्रतेचं आम्ल सुमारे १२ मोलर असतं. त्यातलं ८३ मिली घेऊन पाण्यात ओतत एकूण १ लिटर करा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. पिवळसर दिसणारं औद्योगिक आम्ल टाळा. त्या पिवळेपणामागे सहसा लोह असतं आणि कायटोसॅन धातू घट्ट पकडून ठेवतं.

१०० ग्रॅम भुकटीला १ लिटर आम्ल. हे प्रमाण जास्त वाटतं, म्हणून हिशोब एकदा करून बघा. समजा मालात १५ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट आहे, म्हणजे ०.१५ मोल. त्याला ०.३ मोल आम्ल लागतं, म्हणजे ३०० मिली. उरलेलं आम्ल सामू खाली ठेवतं आणि कणांच्या आतपर्यंत पोचतं. याच हिशोबाने कार्बन डायऑक्साइड निघतो सुमारे साडेतीन लिटर. तो प्रथिनांच्या बुडबुड्यांत अडकला की भांडं दुधासारखं उतू जातं. म्हणून १ लिटर आम्लासाठी किमान ३ लिटरचं भांडं घ्या, आम्ल आधी भांड्यात ठेवा आणि भुकटी चमच्या-चमच्याने टाका. एक चमचा, फेस बसू द्यायचा, मग पुढचा.

नेहमीच्या तापमानाला दीड तास, अधूनमधून ढवळत. गरम करू नका. गरम आम्ल कायटिनची साखळी सरळ कापत जातं, आणि हे नुकसान नंतर भरून निघत नाही. रात्रभर आम्लात ठेवून ‘आणखी स्वच्छ’ करण्याचा विचारही त्यातलाच. चुना गेला का ते बघायला चिमूटभर चोथा धुऊन काचेवर ठेवा आणि त्यावर ताज्या आम्लाचा थेंब सोडा. भिंगातून एकही बुडबुडा दिसला नाही, तर पायरी संपली. मीलवर्मच्या कातीला अर्धा तास पुरतो.

हायड्रोक्लोरिक आम्ल मिळत नसेल किंवा वापरायचं नसेल तर ०.५ मोलर फॉर्मिक आम्लही चालतं. ते सौम्य आहे, पण लिटरमागे हिशोबाने कमी चुना विरघळवतं, त्यामुळे प्रमाण वाढवावं लागतं. त्याचा वास झोंबतो आणि कातडीला तेही भाजतंच.

धुण्याचा हिशोब

या सगळ्या कामात खरा वेळ जातो तो धुण्यात, आणि कंटाळा येतो तोही इथेच. ओला चोथा भरपूर द्रव धरून ठेवतो. गाळून पिळल्यावर त्यात १०० मिली द्रव राहिला असं धरा. त्यावर ९०० मिली पाणी घातलं की रसायन दसपट पातळ होतं. १ मोलर अल्कलीचा सामू १४ असतो. तो ८ वर आणायला सहा दसपटी लागतात, म्हणजे सहा धुणी, एकूण ५.४ लिटर पाणी. तेच ५.४ लिटर एकदम ओतून एकदाच गाळलं तर पातळपणा मिळतो फक्त ५५ पट, आणि सामू १२ च्या आसपासच अडकतो. तेव्हा थोडं पाणी, पुष्कळ वेळा. दोन धुण्यांच्या मध्ये चोथा घट्ट पिळणं हे जास्तीच्या पाण्यापेक्षा महत्त्वाचं.

कणांच्या आत शिरलेलं रसायन बाहेर यायला वेळ लागतो. त्यामुळे प्रत्येक धुण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या, पाणी गरम असेल तर आणखी बरं. पट्टीवर सामू ७ दिसला तरी अर्ध्या तासाने पुन्हा तपासा, तो बहुतेकदा सरकलेला असतो. शेवटची दोन धुणी क्षारविरहित पाण्याने करा.

अल्कलीची पायरी: प्रथिनं काढणं

१ मोलर म्हणजे लिटरला ४० ग्रॅम कॉस्टिक सोडा. सुरुवातीच्या १०० ग्रॅमच्या हिशोबाने दीड लिटर द्रावण ८० अंशांपर्यंत तापवा, मग चोथा टाका आणि झाकण ठेवून २ तास ढवळत राहा. झाकण विसरलात तर पाणी उडतं आणि द्रावण नकळत तीव्र होत जातं. काही मिनिटांतच ते कडक कोऱ्या चहासारखं काळपट होतं आणि ओल्या केसांसारखा उग्र वास येतो. ही प्रथिनं आणि रंगद्रव्यं सुटून बाहेर आल्याची खूण.

२ तासांनी गरम असतानाच गाळा. थंड झाल्यावर द्रव दाट होतो आणि गाळणी अडते. मग ताजं १ लिटर द्रावण घालून आणखी १ तास. एकाच द्रावणात ४ तास उकळत बसण्यापेक्षा दोन ताज्या फेऱ्या कितीतरी चांगलं काम करतात. विरघळलेल्या प्रथिनांनी भरलेलं जुनं द्रावण सुस्त होतं. १८२३ साली ओदिए या शास्त्रज्ञांनी भुंगेऱ्याच्या कठीण पंखांपासून हा पदार्थ वेगळा करून त्याला कायटिन नाव दिलं, तेव्हा त्यांनीही पुन्हा पुन्हा गरम अल्कलीच वापरली होती. दोनशे वर्षांत या पायरीचा गाभा फारसा बदललेला नाही.

थांबायचं कधी? शेवटच्या फेरीचा द्रव जवळजवळ रंगहीन हवा. खात्री करायला त्यातला थोडा थंड करून परीक्षानळीत घ्या आणि १ टक्का मोरचुदाच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब टाका. जांभळी छटा आली तर प्रथिन अजून सुटतंय, तिसरी फेरी करा. नुसती निळी झाक किंवा निळा गाळ दिसला तर झालं. पहिल्या फेरीच्या काळ्या पाण्यात ही चाचणी करू नका, काही दिसणार नाही.

इथे चोथा धुऊन ६० अंशांना वाळवला की कायटिन तयार. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या १०० ग्रॅम कोषांतून २० ते २८ ग्रॅम मिळालं तर रास्त. ३५ ग्रॅम मिळालं तर काहीतरी शिल्लक आहे. १२ ग्रॅमच मिळालं तर बारीक कण गाळणीतून गेलेत, किंवा माल रिकाम्या कोषांऐवजी मेलेल्या अळ्यांचा होता. प्रत्येक पायरीनंतरचं वजन वहीत लिहा, नाहीतर चूक कुठे झाली ते कधीच कळत नाही.

सांडपाणी

आम्लाचं आणि अल्कलीचं सांडपाणी एकमेकांत मिसळून सामू ६ ते ८ मध्ये आणता येतं, पण उघड्यावर आणि अगदी हळूहळू. प्रथिनांना अल्कलीत शिजवलं की त्यातल्या गंधकाचे सल्फाइड बनतात. आम्ल पडताच त्यातून सडक्या अंड्यांच्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइड निघतो. सामू ४.५ च्या जवळ नेला तर बरंचसं प्रथिन गाळ होऊन बसतं. तो वेगळा काढला की उरलेल्या पाण्याचा त्रास कमी होतो, मात्र ते खारट असतं. झाडांना घालू नका.

रंगाचा हट्ट

कीटकांचं कायटिन फिकट तपकिरीच निघतं. कोळंबीच्या कवचापासूनचं पांढरंशुभ्र कायटिन पाहिलेल्यांना ते मळकं वाटतं. हा रंग कवच टणक करणाऱ्या द्रव्यांचा आणि मेलॅनिनचा आहे, ती तंतूंना रासायनिकदृष्ट्या चिकटलेली असतात. मालाला रंग चालणार असेल, उदाहरणार्थ पाण्यातले धातू पकडण्यासाठी किंवा मातीत घालण्यासाठी, तर विरंजन करूच नका. पांढरेपणा आणि शुद्धता एक नव्हे, आणि प्रत्येक विरंजन थोडी साखळी तोडतं.

करायचंच असेल तर ५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, ८० ते ९० अंश, अर्धा तास, १ भाग कायटिनला २० भाग द्रावण. रंग पूर्ण गेला नाही म्हणून वेळ वाढवू नका. मालात लोह राहिलं असेल तर पेरॉक्साइड अचानक फसफसतं आणि साखळ्यांची नासाडी होते. पिवळ्या आम्लाला नाही म्हणायचं आणखी एक कारण. कपड्यांच्या ब्लीचपासून तर लांबच राहा. चोथ्यात आम्ल राहिलं असेल तर त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

कायटिनचं कायटोसॅन

कायटिनच्या प्रत्येक दुव्यावर एक ॲसिटिल गट असतो. तो काढला की मोकळा ॲमिन गट उरतो आणि पदार्थ सौम्य आम्लात विरघळायला लागतो. हेच कायटोसॅन. १८५९ मध्ये रूजे या शास्त्रज्ञांनी कायटिन तीव्र पोटॅशमध्ये उकळलं आणि ते आम्लात विरघळतं हे पाहिलं. कायटोसॅन हे नाव मात्र १८९४ मध्ये होप्प-झायलर यांनी दिलं.

इथे १० ग्रॅम कोरडं कायटिन आणि २०० मिली १२ मोलर कॉस्टिक सोडा लागतो. त्यासाठी ९६ ग्रॅम सोडा. थांबा, हे द्रावण बनवणं हाच सबंध कामातला सर्वांत धोकादायक क्षण आहे. एवढा सोडा विरघळताना निघणारी उष्णता पाणी उकळायला पुरेशी असते. स्टीलचं भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवा, आत १५० मिली थंड पाणी घ्या, सोडा दहा-दहा ग्रॅमनी टाका आणि प्रत्येक वेळी विरघळून थंड होऊ द्या. सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. शेवटी पाणी घालून २०० मिली करा.

कायटिन टाकून १०० अंशांना ४ तास, झाकून, मंद ढवळत. तीव्र अल्कली, उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की साखळी तुटते. नायट्रोजन वायू सोडायची सोय असेल तर उत्तम. नसेल तर भांडं काठोकाठच्या जवळ भरा, म्हणजे वर हवा कमी राहते, आणि एकच लांब फेरी न करता दोन-दोन तासांच्या दोन फेऱ्या करा, मध्ये धुऊन, वाळवून आणि दुसऱ्या फेरीला ताजी अल्कली घेऊन. ॲसिटिल गट काढायला दुसरी फेरी जास्त प्रभावी ठरते.

झाल्यावर ६० अंशांपर्यंत निवू द्या आणि जाळीवर निथळू द्या. तीव्र गरम अल्कलीत थेट पाणी घातलं तर ती उडते. निथळलेली अल्कली झाकून ठेवा, प्रथिनांच्या पायरीला पातळ करून कामी येते.

नवखे इथे हमखास एक चूक करतात. धुऊन धुऊन सामू खाली येत नाही म्हणून कंटाळून चमचाभर आम्ल टाकतात. कायटिनच्या वेळी ते चाललं असतं. कायटोसॅन मात्र सामू साडेसहाच्या खाली विरघळतं, आणि आम्ल पडलं त्या जागचे कण फुगून चिकट लोळागोळा होतो. तो गाळणीवर बसला की पाणी एक थेंबही खाली जात नाही. इथे फक्त गरम पाणी आणि धीर. सामू ७ ते ८ आला की थांबा, ५० ते ६० अंशांना वाळवा. त्याहून तापवलं तर कणांचा पृष्ठभाग शिंगासारखा टणक होतो आणि मग ते विरघळायला दिवसदिवस घेतात.

१० ग्रॅम कायटिनमधून ७ ते ८ ग्रॅम कायटोसॅन मिळालं तर समाधान माना. सगळे ॲसिटिल गट गेले तरी हिशोबाने वजन ७९ टक्क्यांवर येतंच, कारण २०३ वजनाचा दुवा १६१ चा होतो. १० पैकी साडेनऊ ग्रॅम परत मिळाले, तर गट निघालेच नाहीत असं समजा.

जमलं का, ते कसं ओळखायचं

पहिली परीक्षा साधी. १ ग्रॅम कायटोसॅन ९९ मिली पाण्यात भिजवा, १ मिली ॲसेटिक आम्ल घाला, रात्रभर ढवळा. सकाळी किंचित पिवळसर, मधासारखं ओघळणारं द्रावण मिळालं पाहिजे. पूर्ण विरघळलं पण पाण्याइतकं पातळ झालं, तर साखळ्या तुटल्या आहेत. वेळ, आम्ल आणि पेरॉक्साइड यांत गुन्हेगार शोधा. कण फुगले पण विरघळले नाहीत, तर ॲसिटिल गट पुरेसे गेलेले नाहीत. फुगलेच नाहीत असे कण तळाशी असतील तर ते मूळ कायटिन, कोंडा किंवा वाळू. तो गाळ वाळवून तोला, तुमच्या मालातली खोट किती ती टक्क्यांत कळेल.

ॲसिटिल गट किती गेले याचा आकडा हवा असेल तर अनुमापन करा. ०.२ ग्रॅम पूर्ण कोरडं कायटोसॅन ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या २० मिलीमध्ये विरघळवा आणि ०.१ मोलर कॉस्टिक सोडा थेंबाथेंबाने घालत सामू टिपा. आलेखात दोन चढ दिसतात: पहिला जास्तीचं आम्ल संपल्याचा, दुसरा ॲमिन गट संपल्याचा. दोहोंमधला फरक १० मिली आला असं समजा. म्हणजे १ मिलिमोल ॲमिन, त्याचं वजन १६१ मिलिग्रॅम. २०० मधून उरले ३९, त्याला २०३ ने भागलं की ०.१९ मिलिमोल ॲसिटिल असलेले दुवे. १ भागिले १.१९ म्हणजे ८४ टक्के. दुसऱ्या चढाजवळ कायटोसॅन गाळ होऊन बाहेर पडतं आणि मीटर डळमळतो. तिथे प्रत्येक थेंबानंतर अर्धा मिनिट थांबून आकडा घ्या. नमुना ओलसर असेल तर सगळाच हिशोब खाली सरकतो, म्हणून तो आधी १०५ अंशांना वाळवून वजन स्थिर करा. हा तुकडा मग फक्त चाचणीचा.

प्रयोगशाळेतून नायट्रोजन मोजून घेता आला तर शुद्ध कायटिनचा आकडा ६.९ टक्क्यांच्या जवळ हवा. खूप वर गेला तर प्रथिन उरलंय. खाली गेला तर चुना, कोंडा किंवा ओल. राखेचं प्रमाण १ टक्क्याच्या आत असावं. अळ्यांच्या पोषणपत्रकात नायट्रोजनला ६.२५ ने गुणून प्रथिन सांगितलेलं असतं, त्यात कायटिनचा नायट्रोजनही मोजला जातो. त्यामुळे त्या पत्रकावरून कायटिनचा अंदाज बांधू नका.

द्रावण पटण्याजोगं निघालं की त्यातलं ३० मिली गाळून ९ सेंटिमीटर व्यासाच्या सपाट तळाच्या प्लॅस्टिक ताटलीत ओता आणि ४० अंशांना, धूळ लागणार नाही असं, दिवसभर ठेवा. ३० ते ४० मायक्रॉनची पारदर्शक फिल्म सुटून येते. वाकवताना ती तुटत असेल तर पुढच्या वेळी कायटोसॅनच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकं ग्लिसरीन ओतण्याआधी मिसळा. ही फिल्म पाण्यात टाकली तर फुगून विरघळते, कारण ती अजून ॲसिटेट स्वरूपात आहे. १ मोलर कॉस्टिक सोड्यात दहा मिनिटं बुडवून, पाण्याने धुऊन, कडा दाबून वाळवली की मग पाण्यात टिकते. कडा दाबल्या नाहीत तर ती सुरळी होऊन आकसते.

कोरडं कायटोसॅन हवाबंद बरणीत, अंधारात आणि थंड जागी ठेवा. त्याचं द्रावण मात्र साठवू नका. आम्लात ते दिवसेंदिवस पातळ होत जातं, तेव्हा लागेल तेवढंच बनवा आणि बरणीवर तारखेसोबत कोणत्या घाण्याचा माल आहे तेही लिहा.